दाराकडची सुई

अंगणवाडीच्या बेबीनंदाताईंची थोरली लेक ज्या साली नांदायला गेली, त्या सालच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी अंगणवाडीत कागदाचे बैल झाले. प्रत्येक बैलाच्या पोटाखाली यू-पिन लावलेली. पुठ्ठ्याखालून लोहचुंबक फिरवला की बैल आपल्या पायांनी चालल्यासारखा तोरणाखालून जायचा. चुंबक म्हणजे जुन्या पर्सच्या बटणांतून काढलेल्या, हरभऱ्याएवढ्या चकत्या.

बारा दिल्या होत्या. डब्यात दहाच परत आल्या.

ताईंनी चटया झटकल्या, दप्तरं उलटी केली. मग विचारलं, "चुंबक कुणी खाल्लं?"

अकराही पोरांचे हात वर गेले. काही विचारलं की हात वर करायचा, हे ताईंनीच शिकवलं होतं.

"म्या दोन खाल्ले!" भागवत म्हस्केचा राघव ओरडला.

"म्या धा!" मागून दुसरा. सगळी हसली.

"केळं चारा सगळ्यांला," मदतनीस चतुराबाई म्हणाल्या. "सकाळी पडून जाईल."

ताई मोबाईलवर वाचत होत्या. "एक असतं तर पडलं असतं, मावशी. दोन असली की आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकाला धरतात. आतडं फाटतं."

सकाळीच त्यांनी पोरांना एक गंमत दाखवली होती. टबातल्या पाण्यावर पिंपळाचं पान, पानावर चुंबकाला घासलेली सुई. चुंबक जवळ आला की सुई त्याच्याकडं वळायची. ताईंनी तोच टब पोरांच्या पोटाच्या उंचीला, स्टुलावर ठेवला. दारात उजेड होता, म्हणून एकेकाला दाराकडच्या बाजूला उभं करायचं ठरलं.

पहिला राघव. पान हळूहळू फिरलं. सुईचं टोक त्याच्या बेंबीसमोर येऊन थांबलं.

"घावला!" चतुराबाई ओरडल्या.

भागवतनं जीप काढली. राघवला छातीशी धरून ताई जालन्याला निघाल्या.

रांगेत दुसरी इरम होती. फ्रॉक वर धरून, पोट उघडं टाकून उभी. "मेरा नंबर?"

"झाला खेळ. आता पोळ्याची सुट्टी," चतुराबाई म्हणाल्या. तेवढ्यात तिची दादी खैरुनबी आली. त्यांना जाफराबादला लग्नाला जायचं होतं. इरम बैल घेऊन गेली.

तीन वाजता ताईंचा फोन आला. "मावशी, राघवच्या पोटात काहीच न्हाई. दोनदा फोटो काढला."

चतुराबाईंनी टबाकडं बघितलं. खोलीत कुणीच नव्हतं.

"मंग बाई, ही सुई अजून दाराकडंच का बघून राह्यली?"

"दार उत्तरेला हाये, मावशी," ताई म्हणाल्या. "सुई उत्तरेलाच थांबती. सातवीत शिकले होते मी."

चतुराबाई टब डोक्यावर घेऊन नऊ घरं हिंडल्या. पाणी सांडलं की हापशावर भरून घ्यायच्या. नऊ पोरांना उत्तर सोडून दुसऱ्या बाजूला उभं केलं. सुई कुणाकडंच वळली नाही.

हे कळताच ताईंनी जालन्याहून खैरुनबीला फोन लावला. मागं बँड वाजत होता.

"काकी, इरमला आत्ताच्या आत्ता जालन्याला आणा. चुंबक तिच्याच पोटात हायेत."

"अच्छी है बाई वो. नाचरी यहाँ. दो केले खाई."

"हात जोडते काकी, आज आणा. मी स्टँडवर थांबते."

"सुबह राघव का भी ऐसाच बोले ना तुम? पूरे गाँव को रुलाए. क्या निकला उसके पेट में?"

ताई फोन कानाला धरूनच स्टँडकडं निघाल्या.

"हौ, बोलो ना. क्या निकला?"

फोन बंद झाला. पुन्हा लागला नाही. ताई अंधार पडेपर्यंत स्टँडवर उभ्या होत्या. जाफराबादहून आलेल्या प्रत्येक गाडीत चढून बघत होत्या.

इरम जहांगीर शेख, वय साडेचार, पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी, जाफराबादहून जालन्याला आणताना जीपमध्ये वारली.