हातमोजा

कर्लिंगच्या महिला विश्वस्पर्धेत मॉर्व्हनचा संघ सहा गुणांनी मागे पडला, तरी ती बर्फावर दगड सरकवतच राहिली. हार दिसली की हातमोजा काढून समोरच्या कर्णधारापुढे हात करायचा आणि सामना तिथेच सोडायचा, ही या खेळाची रीत. मॉर्व्हनने ती कधीच पाळली नाही.

"वेळेत हात मिळवावा गं," पर्थच्या इस्पितळातून आई फोनवर म्हणाली. "समोरच्या पोरींचा सामन्यानंतरचा चहा कशाला गार करायचा?"

दुसऱ्या दिवशी मॉर्व्हन विमानतळावरून थेट आईच्या खाटेशी आली. "डॉक्टर, अजून एक औषध आहे ना? तेही देऊन बघू या!"

 

आईने बोटाला लावलेला ऑक्सिजन मोजायचा चिमटा हातमोज्यासारखा हळूच काढला आणि डॉक्टरांपुढे हात केला.