दृश्य बेचाळीस : राजाला वाट

दि. १७ एप्रिल २०२५, गुरुवार. दुपारचे तीन वाजून पंचवीस मिनिटे. पाथर्डीच्या पूर्वेकडील माळावर दोनशे सोळा माणसे तीन रांगांचे कडे करून उभी होती. कड्याचा आतला व्यास दहा मीटर. मध्यभागी राजा.

रयतेने आपल्याच राजाविरुद्ध पुकारलेल्या युद्धाचा हा चित्रपट. बेचाळिसाव्या दृश्यात हरलेला राजा मुकुट जमिनीवर ठेवतो, बंडखोरांचा सेनापती "वाट द्या" अशी आज्ञा करतो, कडे उघडते आणि राजा राज्य सोडून निघून जातो. मुख्य नट यातील फक्त जवळचे चित्रण देणार होता. दुरून, पाठमोरा दिसणारा राजा म्हणून दिग्दर्शकाने भागवत मुकादमाला उभे केले होते. उंची आणि खांदे नटासारखेच होते. रयतही मुकादमानेच पुरवली होती. त्याच्या टोळ्यांतली, नुकतीच ऊसतोडीहून परतलेली माणसे.

सहायक दिग्दर्शक सुहास याने त्यांची दोन दिवस तालीम घेतली होती. खांद्याला खांदा, भाल्याचा बुंधा पायाखाली, नजर राजावर. ही माणसे एकदा दाखवलेले विसरत नसत.

राजाने मुकुट खाली ठेवला.

"वाट द्या!" सेनापती घोड्यावरून गरजला.

कोणीही हलले नाही.

"कट! अहो, वाट द्यायची!" सुहास कर्ण्यावरून ओरडला. "पूर्वेकडच्यांनी मागे सरायचं. पुन्हा घेऊ."

पुन्हा घेतले. तिसऱ्यांदा घेतले. आज्ञा झाली, कडे तसेच राहिले. भागवतने हसत पहिल्या रांगेला हात लावला.

"ए, सरका की. ऊन लागतंय मला."

दोन भाले त्याच्यासमोर आडवे झाले. टोके रबरी होती, दांडे मात्र बाभळीचे.

"सरकू की, म्हाराज," रांगेतला एक जण म्हणाला. "घाई काय हाय? राजाला कुटं घाई असती व्हय?"

मागच्या रांगेत हशा पिकला आणि लगेच विरला. पहिल्या रांगेतून रंगुबाई अर्धे पाऊल पुढे आली. साठीची, रयतेच्या वेशातही स्वतःच्याच लुगड्यात. वेशभूषेवाल्यांना त्यात बदलण्यासारखे काही सापडले नव्हते. तिच्या शेजारी तिचा मुलगा रामहरी भाला धरून उभा होता.

"मुकादम," ती म्हणाली, "राहुरीकडच्या फडात माझ्या सुनंला कळा लागल्या. टेम्पो दारात हुता. चावी कुनाच्या खिशात हुती?"

भागवतने सुहासकडे पाहिले. "साहेब, ह्यांचं काय ऐकताय? बाळंतपणात बाया जातात. मला तर कुणी सांगितलंसुदिक न्हाई."

"मी सांगितलं. पाया पडून सांगितलं. तुमी म्हनला, उसाची गाडी भरल्याबिगर कुनी हलायचं न्हाई. आमी गाडी भरली. रामहरीनं भरली, बायको आत वरडत असताना. मंग तुमी चावी दिली."

पुढचे तिने सांगितले नाही. दोनशे सोळांपैकी कोणालाही ते सांगण्याची गरज नव्हती. रंगुबाईची सून ज्योती आणि तिचे मूल, दोघेही दवाखान्याच्या अलीकडे तीन किलोमीटरवर दगावली होती.

भागवतने उत्तरेला धडक दिली, मग दक्षिणेला, मग खाली वाकून भाल्यांमधून. कडे त्या जागी किंचित वाकत होते आणि पुन्हा सरळ होत होते. कोणी त्याच्यावर हात उचलला नाही. चित्रपट कंपनीचे सहा पहारेकरी बाहेरून ओरडत राहिले.

"उद्यापासून एकालाही कामावर बोलावणार नाही," सुहासने बजावले.

"नका बोलवू," रंगुबाई मान न वळवता म्हणाली.

साडेचार वाजता जरीच्या अंगरख्याखाली भागवत घामाने निथळत होता. त्याने पाणी मागितले.

"द्या त्याला पानी," रंगुबाई म्हणाली. "तिलाबी आमी पानी दिलं हुतं."

तांब्या हातोहात आत गेला. तो पाणी प्यायला आणि जमिनीवर बसला.

"उटा, म्हाराज," मघाचाच माणूस म्हणाला. या वेळी कोणी हसले नाही. "आमीबी उभंच हाव."

तो उठला.

पाच वाजून गेल्यावर त्याने हात जोडले. "रंगुबाई, चावी माझ्याच खिशात होती. मला सांगितलं होतं तुम्ही. चूक झाली. सगळ्यांसमोर म्हणतो. आता तरी सोडा."

सुहासला वाटले, आता कडे उघडेल. ध्वनिमुद्रकाने केव्हाच यंत्र चालू केले होते, आणि दिग्दर्शकाने त्याला थांबवले नव्हते.

"चूक हाय का न्हाई, ते न्हाई इचारलं मी," रंगुबाई म्हणाली. "ती जेवढी थांबली तेवढं थांबा."

घोडा परत नेण्यात आला. छायाचित्रकाराने भिंगावर झाकण लावले. माणसांच्या सावल्या लांबत कड्याच्या आतपर्यंत आल्या आणि भागवतच्या छातीवर चढल्या. तो एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकीत राहिला.

चित्रणाच्या नियमाप्रमाणे सर्वांना मनगटावरची घड्याळे सकाळीच उतरवायला लावली होती. रामहरीने कमरेच्या गाठीतून आपले घड्याळ काढले, डोळ्यांजवळ नेले आणि परत खोचले. दिवसभरात तो एकच वाक्य बोलला.

"आई, झाला तिचा येळ."

रंगुबाईने भाला खांद्यावर घेतला. तिच्यामागे तिन्ही रांगांनी भाले उचलले, आणि तालमीत शिकवले होते तसे कडे पूर्वेकडून उघडले. भागवत त्या वाटेने चालत गेला. कोणी त्याच्याकडे पाहिले नाही.

दैनिक अहवालात सुहासने दृश्य बेचाळीस अपूर्ण असल्याची नोंद केली. कारणाचा रकाना त्याने कोरा ठेवला. विलंबाच्या रकान्यात लिहिले : तीन तास पंधरा मिनिटे.