अण्णांचा वेग

उपेंद्रअण्णांच्या रॉक गाण्यांना मानवंदना म्हणून बंगळूरचे बँड मिळून एक कॅसेट काढत होते. रेकॉर्डिंगला अण्णा स्वतः येऊन बसले होते. तरुण गिटारवादक पुष्करची पाळी आली तेव्हा त्याने गिटार खाली ठेवली.

"अण्णा, माझं गाणं वगळा. कॉलेजभर घासलं, पण तुमचा वेग काही गाठता येत नाही."

"तू ऐकलंस तरी कशावर?"

पुष्करने पिशवीतून घरचा टेपरेकॉर्डर काढून त्यावर अण्णांची जुनी कॅसेट लावली. आपलाच आवाज चिरका झालेला ऐकून अण्णा हसत सुटले.

"अरे, हा टेपरेकॉर्डर पळतोय! एवढं जलद मी कधीच वाजवलं नाही."

पुष्करचा चेहरा उतरला. "म्हणजे चुकीचंच शिकलो. आता सावकाश वाजवू?"

"आधी शिकलास तसं वाजव."

त्याने वाजवलं. अण्णांनी खुर्ची पुढे ओढली.

"पुन्हा एकदा. बोटं कशी फिरवतोस ते मला शिकव."