एक खडाही वाया नाही

"राडारोडा कचरा डेपोवर किती गेला?" परीक्षकानं विचारलं.

"एक घमेलंही नाही," हिरवी मॅडम म्हणाली.

"मग काय पर्समध्ये घातलात?"

"तुम्ही उभे आहात ना साहेब, ते पायाखालचे ठोकळे. जुनी गिरणीच आहे ती."

हिरवी मॅडम हे मजुरांनी ठेवलेलं नाव. गिरणी पाडून तिथं पर्यावरणाची काळजी वाहणारी चकचकीत इमारत उभी राहिली होती. पाडकामातलं काही वाया गेलं नाही, याचे पुरावे जमवणं हे हिचं काम. विटेचा तुकडा हलला तरी ही बया फोटो काढणार. इतरांची प्रमाणपत्रं म्हणजे शुद्ध थापा. हिचं खरं होतं. आता परीक्षकाची सही तेवढी बाकी.

"आली बघा, उकिरडा उकरणारी!" फाटकावरचा रखवालदार ओरडला.

बाई आत शिरलीच. हातात कुदळ, साडी गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेली. मॅडम तिला तोंडओळखीनं जाणत होती. गिरणीची मोठी भिंत वेळेआधी कोसळली, त्या दिवसापासून या बाईचा इथं मजुरी करणारा नवरा बेपत्ता होता. घाबरून पळाला, असं ठेकेदारानं ऑफिसात सांगितलं होतं. कामाचा खोळंबा नको म्हणून त्यानं त्याच दुपारी क्रशर लावून ढिगारा भरडला, तेव्हा मॅडमनं त्याची पाठ थोपटली होती.

"ताई, एवढंच सांगा," बाई म्हणाली. "इथल्या गाड्या डेपोच्या कुठल्या कोपऱ्यात रिकाम्या व्हायच्या? भिंत पडली तेव्हा धनी खालीच होते, सोबतच्यांनी डोळ्यांनी बघितलंय. ठेकेदार म्हणाला, ढिगारा डेपोवर गेला, तिथं शोध. निम्मा डेपो उकरला. हाडं तरी हाती लागू देत."

"डेपोवर?" मॅडम फटकन बोलली. "कुणी सांगितलं? इथून एकही गाडी बाहेर गेलेली नाही. सगळं इथंच भरडलं, इथंच..."

परीक्षकानं सहीसाठी टेकलेलं पेन कागदावरून उचललं.

बाईनं खाली पाहिलं. करडे ठोकळे, कडेला कडा लावून नीट बसवलेले, फाटकापासून पार पायरीपर्यंत. तिनं कुदळ आवाज न करता खाली ठेवली. चपला काढून हातात घेतल्या.

"ताई, पायातलं काढा," ती म्हणाली. "साहेब, तुम्हीपण."