बहिणीचं दुखणं

उदासीने घेरलेल्या पोरांचा मेंदू आणि पोरींचा मेंदू वेगवेगळा चालतो का, हे मशीनमध्ये घालून बघायचं म्हणून एक डॉक्टर मॅडम बोईसरच्या कॉलेजात आल्या. आधी अकरावी-बारावीकडून फॉर्म भरून घेतले. एकतीस पोरींनी लिहिलं, जीव नकोसा झालाय. पोरांनी एकजात लिहिलं, मस्त. एकाने तर खाली पीळदार मिशीचं चित्र काढलं.

प्राचार्यांची छाती फुगली. "आमची पोरं वाघ आहेत, मॅडम. ही असली थेरं पोरींचीच."

"मग वाघांच्या जागी तुम्ही झोपता का मशीनमध्ये?"

प्राचार्यांना एकदम कसलीशी मीटिंग आठवली.

ते गेल्यावर बारावीतला ललित दार लोटून आत आला. "मॅडम, बहिणीचं विचारायचं हाय. जेवण जात नाय तिला. कोण काय बोललं की मारायला धावते, आणि मग मोरीत जाऊन रडते."

"घरी सांगितलं तिने?"

"सांगितलं ना. बाबा बोलले, मर्द हायस का कोण?"

बोलून गेल्यावर ललितने जीभ चावली. मॅडम हसल्या नाहीत. चिठ्ठीवर तारीख लिहून त्यांनी त्याच्या हातात दिली. "बहिणीला सांग, मशीनमध्ये लोखंड चालत नाही. कमरेचा पट्टा घरी काढून ये म्हणावं."

ललितने पट्ट्याच्या बकलावर हात ठेवला. "सांगतो."

त्याने जायला दार उघडलं. व्हरांड्यात आणखी सात भाऊ उभे होते. सगळ्यात पुढे तो मिशीवाला.