इथे जन्मलेल्यांनी उजवीकडे

वहिनीने हात वर केला, तेव्हा व्यासपीठावरच्या धाकट्या दिराला वाटलं, चला, घरातलं एक मत पक्कं झालं. तो हसून म्हणाला, "वहिनी, हात नको. आज मोजणी सोपी आहे. ज्यांचा जन्म या गावातला, त्यांनी उजवीकडे या. बाहेरच्यांनी डावीकडे, भिंतीपाशी. ज्या बाजूला माणसं जास्त, त्या बाजूचं खरं. एकदा दिसू दे, हे गाव कुणाचं आहे!"

टाळ्या पडल्या. बाहेरचे आधीच भिंतीला टेकून उभे होते. फर्निचरच्या कारखान्यातले सुतार आणि रंगारी, पाववाला, सायकली दुरुस्त करणारा, आणि शिंपी नवराबायको. या दोघांना वहिनीने आपल्या लाँड्रीचा पुढचा भाग भाड्याने दिला होता. ठराव त्यांच्यासारख्यांबद्दलच होता. बाजारातला गाळा यापुढे फक्त इथे जन्मलेल्याला द्यायचा. ठराव झाला की शिंप्याची मशीन रस्त्यावर.

गावची तरणी मुलं एकेक करून परमुलखात गेली, तेव्हा हाच बाजार ओस पडला होता. शटरांना गंज चढला होता. वहिनीचा नवराही त्याच दिवसांत वारला, आणि तिची वाफेची इस्त्री दिवसचे दिवस थंड राहू लागली. मग कारखाना आला, दूरच्या प्रांतांतून माणसं आली, आणि दुकानांत पुन्हा दिवे लागले. दिराचं हार्डवेअरचं दुकानही त्यांच्याच जिवावर तरलं. बादल्या, कड्या, कुलपं सगळं तेच नेत. कुलपं विकायची त्यांना आणि दारं लावायची तीही त्यांच्याच तोंडावर, असं वहिनी एकदा म्हणाली होती. पण घरांची भाडी वाढली, दवाखान्यात रांगा लागल्या, लोक कुरकुरू लागले. आधी दिराला सभेला चार डोकी जमवताना नाकी नऊ यायचे. 'बाहेरचे' हा शब्द त्याला सापडला आणि सभागृह भरू लागलं. जन्मभर त्याच्या विरोधात मत दिलेले लोक आता पुढच्या रांगेत बसत. नगरपालिकेची निवडणूक तोंडावर होती.

सकाळीच तो लाँड्रीत येऊन गेला होता. "वहिनी, शिंप्याला काढा. दुकान आईच्या नावावर आहे, आणि आई माझ्याकडे असते. एवढंच सांगतो."

वहिनीने कॉलरवर इस्त्री दाबली. दुकान गेलं तर तिच्यापाशी दुसरं काहीच नव्हतं. सासूबाईंकडून तर आशा करायलाही जागा नव्हती. ती नवी नवरी होती तेव्हा तिच्या बोलण्याची नक्कल करून त्यांनी शेजारणींना पोट धरून हसवलं होतं.

आता सभागृहात खुर्च्या सरकल्या. लोक उजवीकडे जाऊन बसू लागले. वहिनी मधल्या वाटेत उभी राहिली.

"भाऊजी, मी कुठे जाऊ?"

"हे काय विचारणं झालं? तुम्ही घरच्या."

"माझा जन्म इथला नाही."

"तुमची गोष्ट वेगळी."

"तुमचा मुलगा परमुलखात क्रेन चालवतो. त्याचीही वेगळीच असेल."

हशा पिकला. दिराचा आवाज चढला. "तो कामाला गेलाय, वहिनी! हे मुक्कामाला आलेत."

"मीही मुक्कामालाच आले होते," वहिनी म्हणाली. "एक ट्रंक घेऊन. तुमची भाषा धड येत नव्हती. तेव्हा मला कुणी परत जा म्हटलं नाही. कारण मी तुमचं घर सांभाळायला आले होते. या लोकांनी बाजार सांभाळला."

ती चालत डाव्या भिंतीपाशी गेली आणि शिंप्याच्या बायकोशेजारी उभी राहिली.

मग उजवीकडून धाकटी जाऊ निघाली. खुद्द दिराची बायको. तिने नवऱ्याकडे पाहिलंही नाही. तिच्यामागून औषधवाल्याची सून उठली. मग शाळेच्या मोठ्या बाई. कुणी घोषणा दिली नाही, फक्त पावलं वाजत होती. एका नवऱ्याने बायकोचा दंड धरला. "अगं, बस की खाली!"

"बसते की. तिकडे जाऊन."

उजवीकडे पुरुष उरले, आणि गावातल्या गावात दिलेल्या चार लेकी. डावी बाजू भरत भरत पार दारापर्यंत गेली. आता दोन्ही बाजू जवळपास बरोबरीच्या दिसत होत्या. दिराने घाम पुसला आणि पहिल्या रांगेत मानाच्या खुर्चीवर बसलेल्या आईकडे वळला.

"आई, आता तूच सांग यांना. तुझं ऐकतील."

सासूबाईंनी काठी टेकली. वहिनीने मनाशी ठरवून टाकलं, दुकान गेलं तर गेलं, दारोदार फिरून कपडे गोळा करीन, पण इथून हलणार नाही. म्हातारी सावकाश उठली. दीर लगबगीने खाली उतरला, त्याने आईचा हात धरला आणि तिला उजवीकडे वळवू लागला.

त्या जागच्या हलल्या नाहीत.

"तिकडे नाही रे," त्या म्हणाल्या. "माझा जन्म इथे कुठे झालाय?"