आत गेलं, पोचलं नाही

पडद्यावरची पेशी या कडेपासून त्या कडेपर्यंत हिरवीगार उजळली आणि पाहुण्यांच्या तोंडून ‘वा’ निघून गेलं. प्रयोगशाळेचे प्रमुख दिनानाथ सर खुलले. पाहुणे औषध कंपनीचे होते. त्यांनी आज मान डोलावली की हे नवं औषध मुलांना टोचायला सुरुवात होणार होती. स्नायू झिजत जाणारी, चालता चालता मटकन खाली बसणारी मुलं.

“पेशी कुणालाही आत घेत नाही,” सर रंगात येऊन सांगत होते. “पण आमचं हे पेप्टाइड बघा. अमिनो आम्लांची एवढीशी साखळी, धन भाराची. पेशीची कातडी ऋण भाराची. साखळी तिला जाऊन चिकटते आणि पाठीवर औषध घेऊन थेट आत! हिरवं दिसतंय ते सगळं आपलं औषध. कोपरान् कोपरा भरलाय.”

कल्पिता मागे भिंतीला टेकून उभी होती. फोटो तिनंच काढला होता. तो कसला आहे हे तिला ठाऊक होतं, आणि सरांनाही ठाऊक होतं. तिला राग होता तो याचाच.

“कल्पिता, जरा चहाचं बघ,” सर म्हणाले.

“सर, ती पेशी मेलेली आहे.”

कंपनीच्या मृणाल मॅडम खुर्चीतल्या खुर्चीत वळल्या. “म्हणजे?”

“फोटोसाठी पेशी फॉर्मलिनमध्ये बुडवली होती. त्यात ती मरते. कातडीची चाळण होते, आतल्या पिशव्या फुटतात आणि औषधाला लावलेला हिरवा रंग सगळीकडे पसरतो. औषध तिथवर गेलेलं नसतं, मॅडम. आपण पेशी मारली म्हणून ते सांडतं.”

“असे फोटो सगळेच काढतात,” सर हसले, पण नुसत्या ओठांनी.

“काढायचे. मग शहाणे झाले.”

एवढं बोलून ती थांबली नाही. इन्क्युबेटर उघडून तिनं पेशींची एक काचेची बशी काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. सकाळीच तिनं जिवंत पेशींवर तेच पेप्टाइड सोडून ठेवलं होतं. ती बशी बाहेर काढायची हिंमत होईल की नाही, एवढंच ठरायचं राहिलं होतं. ते सरांच्या चहाच्या हुकमानं ठरवलं.

पडद्यावर आता काळोख होता. पेशीच्या पोटात हिरवे ठिपके विखुरलेले, बाकी सगळं कोरडं.

“पेशी याला बहुतेक वेळा गिळते,” कल्पिता म्हणाली. “आपल्याच कातडीचा खिसा करून. हे ठिपके म्हणजे ते खिसे, मघाशी म्हटलं त्या पिशव्या. औषध खिशातून बाहेर पडलं तरच कामाचं. नाहीतर पेशी त्याला तिथल्या तिथे पचवून टाकते, पेप्टाइडसकट.”

“पण आत तर गेलंय ना?” मॅडमशेजारचे गृहस्थ चुळबुळत म्हणाले.

“माझा भाऊ जीवन न्हावा शेव्याच्या बंदरावर ट्रेलर चालवतो. कंटेनर जहाजावरून उतरला रे उतरला की मालवाल्यांचे फोन सुरू. पोचला का, पोचला का. तो काय सांगतो माहितीय? ‘शेट, पोर्टला उतरला म्हंजे पोचला न्हाय. यार्डात पडलाय. गेटभायेर काढीन तवा पोचंल.’” तिनं पडद्याकडे बोट केलं. “हा माल यार्डात पडलाय, साहेब. काही खिसे फुटतात, नाही असं नाही. ते वाढवायचं काम अजून व्हायचंय. आम्हाला वेळ द्या. पण आज मुलांना टोचू नका.”

वेळ मागायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. दिनानाथ सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“इथल्या किती जणांचा पगार या फोटोवर चालतो, कळतंय का तुला?”

“कळतंय सर. माझाही चालतो.”

“चालत होता.”

घरी आईला काय सांगायचं, हा प्रश्न तेवढ्यातही डोकावून गेला. तिनं हातमोजे काढले, अॅप्रन काढला आणि खुंटीला नीट अडकवला.

सरांनी घाईघाईनं बटण दाबलं. ठिपके गेले, हिरवीगार पेशी पुन्हा पडदाभर पसरली. “सॉरी हं मॅडम. आपण पुढे जाऊ या.”

मृणाल मॅडम पडद्याकडे नाही, सूक्ष्मदर्शकाखालच्या बशीकडे बघत होत्या.

कल्पिता दारापाशी वळली.

“असू दे सर, तोच राहू दे,” ती म्हणाली. “औषध मेलेल्यांनाच द्यायचं असेल, तर फोटो अगदी बरोबर आहे.”